सासऱ्यांचा कावळा, बाराशे मिलिमीटरवरून

चहा घ्या हातात, आणि एक अट आधीच मान्य करा. मध्ये हसायचं नाही. कारण हा गाढवपणा मी चुकून, झोपेत वगैरे केलेला नाही. चांगला ट्रायपॉड लावून, पूर्ण शुद्धीत, तीन तास घालवून केलाय.

तर मी मूळचा पुण्याचा. म्हणजे विचारलं नाही तरी ज्ञान द्यायची सवय. गेली अकरा वर्षं अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेलला आहे, सॉफ्टवेअरमध्ये. आठवडाभर स्क्रीनकडे बघायचं आणि शनिवार-रविवार पक्ष्यांकडे बघायचं, एवढंच माझं आयुष्य. गेल्या सप्टेंबरात मी गरुडांचे फोटो काढायला म्हणून एका आठवड्यासाठी सहाशे मिलिमीटरची लेन्स भाड्याने आणली. लेन्स कसली, धूड होतं ते! आणताना मी तिला पुढच्या सीटवर बसवून बेल्ट लावला आणि बायकोला, मृणालला, मागे बसवलं. ते ती अजून बोलून दाखवते.

लेन्सबरोबर एक टेलिकन्व्हर्टरही घेतला. म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची एक बुटकी नळी. ती लावली की सहाशेचं बाराशे होतं. लांबचा पक्षी दुप्पट मोठा दिसतो. अर्थात फुकट काही मिळत नाही. प्रकाश कमी होतो, चित्र जरा मऊ पडतं, आणि फोकस आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा चाचपडत बसतो. पण बाराशे हो! नुसता आकडा ऐकला तरी छाती फुगते माणसाची.

आता सासूबाई. त्या नागपूरच्या. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. सासरे जाऊन चार वर्षं झालेली. मृणाल एकुलती एक. पितृपक्षात सासऱ्यांची तिथी नेमकी शनिवारी आली आणि सासूबाई आठवडाभर आधीपासूनच अस्वस्थ.

"दरवर्षी तिकडे कंपाउंडच्या भिंतीवर पान ठेवलं की पाच मिनिटांत कावळा येतो," त्या म्हणाल्या. "या वर्षी मी घर बंद करून इकडे आले. इथे कावळा आला नाही तर?"

"तर काय आई?" मृणाल म्हणाली.

"तर ते रागावलेत असं समजायचं. घर टाकून अमेरिका बघायला गेली म्हणून."

हे त्या हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते. खरं सांगतो, मला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की मी काय करतो? फुशारकी मारतो!

"आई, कावळ्याची काळजी तुम्ही करायचीच नाही," मी म्हणालो. "अहो, कावळ्यांसाठी बॉथेलसारखं गाव नाही. चला, दाखवतोच."

आणि त्याच संध्याकाळी त्यांना गाडीत घालून कॉलेजजवळच्या पाणथळीवर नेलं. तिथे अंधार पडताना कावळे मुक्कामाला येतात. शेकड्यांनी नाही, हजारांनी! आभाळ काळं, झाडं काळी, इमारतींची छपरं काळी. सासूबाई तोंडावर पदर धरून बघतच राहिल्या.

"अगं बाई! एवढे पितर!"

"यातला एक शनिवारी तुमच्या पानावर आणून बसवला नाही तर नाव लावणार नाही," मी म्हणालो. आणि वर म्हणालो, "नुसता बसवणार नाही, त्याचा असा फोटो काढीन की चोचीतलं शीत मोजून घ्या."

इथे मी एक छोटीशी गोष्ट विसरलो होतो. हे कावळे बॉथेलला फक्त झोपायला येतात. सकाळ झाली की सगळे निघाले सिएटलला! आपल्यासारखेच. दिवसभर तिकडे कामधंदा करायचा आणि संध्याकाळी सबर्बमध्ये परत. आता श्राद्धाचं पान कधी ठेवतात? भर दुपारी. भर दुपारी बॉथेलमध्ये कोण असतं? कुणीही नसतं.

शनिवार उजाडला. घरात पहाटेपासून सासूबाईंचा स्वयंपाक. खीर, वडे, गवारीची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. केळीचं पान इंडियन स्टोअरमधून आणलेलं, फ्रोझन. ते रात्रीपासून सिंकमध्ये वितळत ठेवलं होतं. जेवायला माझा मित्र नीलेश आणि त्याची बायको येणार होते. नीलेशही नागपूरचा, त्यालाही फोटोंचं वेड, त्यामुळे माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं असा त्याचा गैरसमज आहे.

माझा प्लॅन एकदम फर्स्ट क्लास होता. मागच्या डेकच्या, म्हणजे लाकडी ओट्याच्या, कठड्यावर पान ठेवायचं. कावळा माणसाला बिचकतो, तेव्हा घरातल्या कुणी डेकवर यायचं नाही, खिडक्यांचे ब्लाइंड्स, म्हणजे पट्ट्यांचे पडदे, सगळे बंद. आणि मी? मी घरामागच्या चढावर, चालायच्या ट्रेलवर, दीडशे फुटांवरून बाराशे मिलिमीटर लावून बसणार. जवळ बसता येतच नाही हो! एवढ्या लेन्सने जवळून काढलं तर नुसती चोच येईल, कावळा येणार नाही.

साडेअकराला पान ठेवलं. मृणालने हात जोडले, सासूबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, आणि मी सगळ्यांना आत हाकललं. "खिडकीशी कुणी यायचं नाही! मी फोन करीन तेव्हाच बाहेर!" असा हुकूम सोडून मी अंगात झाडाच्या पानांची नक्षी असलेलं जॅकेट घालून ट्रेलवर जाऊन बसलो.

बारा वाजले. कावळा नाही.

एक. दीड. कावळा नाही. एक खार आली, तिला मी दीडशे फुटांवरून मराठीत शिव्या दिल्या. ती गेली. मराठीचा धाक अजून आहे.

एवढ्यात ट्रेलवरून एक गोऱ्या आजी कुत्रं घेऊन आल्या. लेन्स बघून थांबल्या. इथल्या लोकांना मोठी लेन्स दिसली की ते हटकून थांबतात.

"वेटिंग फॉर अॅन ईगल?"

"नो. अ क्रो."

"जस्ट अ क्रो?" त्यांचा चेहरा पडला.

आता गप्प बसायला काय झालं होतं मला? पण नाही! पुण्याचा ना मी! म्हणालो, "नॉट जस्ट अ क्रो. माय फादर-इन-लॉ."

आजी एक पाऊल मागे सरकल्या.

"ही पास्ड अवे," मी समजावून सांगायला गेलो.

"ओह, आय अॅम सो सॉरी!"

"नो, नो, इट्स ओके. ही इज कमिंग फॉर लंच."

आजींनी कुत्र्याला जवळ ओढलं आणि मागे वळूनही न बघता चालू लागल्या. कुत्रं तेवढं वळून वळून बघत होतं.

सव्वादोनला फोन वाजला. मृणाल, स्पीकरवर.

"अरे, आला का?"

"येईल, येईल."

"येईल काय? नीलेश आणि त्याची बायको येऊन बसलेत. आईने पाण्याचा थेंब घेतलेला नाहीये. ती म्हणते, बाबांची काहीतरी इच्छा राहिलीय. दहाव्याला बोलतात तसं आपण काहीतरी बोलू या."

आणि माझ्या कानात फोन, डोळा कॅमेऱ्याला, अशा अवस्थेत आमच्या घरातून सासऱ्यांशी वाटाघाटी सुरू झाल्या.

"बाबा, आईला मी नीट सांभाळीन हं!" मृणाल म्हणाली.

कावळा नाही.

"आपलं नागपूरचं घर आम्ही विकणार नाही!"

कावळा नाही.

"बाबा, रोज सकाळी व्यायाम करीन!"

याच्यावर तर खारसुद्धा आली नाही.

मग मृणालचा आवाज एकदम बदलला. बायकोचा आवाज असा बदलला की नवऱ्याने सावध व्हावं. "बाबा, तुमचा जावई यापुढे रविवारी सकाळी जंगलात न जाता घर आवरेल!"

"ए! हे काय?" मी ओरडलो. "यात माझा काय संबंध?"

"तू हो म्हण आधी! वडील कुणाचे खोळंबलेत?"

"जावईबापू, म्हणा हो," मागून सासूबाईंचा बारीक आवाज आला. सकाळी पाचपासून उभी असलेली ती बाई, उपाशी, आणि मनात एकच, की ते रागावले.

"हो! हो! आवरीन!" मी म्हणालो.

आणि काय सांगू महाराजा! म्हणायचा अवकाश, व्ह्यूफाइंडरमध्ये फडफड झाली! काळंभोर काहीतरी उतरलं. फोकस पुढे-मागे, पुढे-मागे चाचपडला आणि एकदम लागला. कावळा! आमचं पान! कावळ्याने मान वाकवली, चोच मारली, काहीतरी उचलून बाजूला भिरकावलं, परत चोच मारली! मी बटण दाबून धरलं. सत्तर-ऐंशी फोटो सटासट निघाले असतील.

"शिवला! शिवला! शिवलाऽऽ!" मी ट्रेलवर नाचत होतो. आजींचं कुत्रं लांबून भुंकलं.

ट्रायपॉड खांद्यावर, लेन्स पोटाशी, असा धापा टाकत मी घरात घुसलो. सगळे हॉलमध्ये जमले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिला फोटो दाखवला. मृणाल रडायला लागली. नीलेशची बायको नमस्कार करायला लागली. नीलेशसुद्धा म्हणाला, "यार, काय टायमिंग आहे!" नीलेशकडून स्तुती म्हणजे माझ्यासाठी पद्मश्रीच.

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. पडद्याकडे जरा वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"छान आलाय हो," त्या म्हणाल्या. "बसा आता पानावर सगळे. मी गरम वडे काढते."

मी वडे किती खाल्ले ते विचारू नका.

जेवण होईपर्यंत मृणालने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता. नागपुरात तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, पण सकाळ होताच जो काही जोडलेल्या हातांचा पाऊस पडला! मृणालचे दादाकाका, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, त्यांनी तर मेसेज केला, "अमेरिकेतही धाकट्याने वेळ पाळली. डोळ्यांत पाणी आले. जावईबापूंना आशीर्वाद." रविवारी त्यांनी त्या फोटोची मोठी प्रिंट काढून आणली, फ्रेम केली, सासऱ्यांच्या तसबिरीशेजारी लावली आणि तिला हार घातला. हार घातलेल्या कावळ्याचा फोटो मग परत ग्रुपवर आला.

बरं, हे एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण आपल्या लोकांत बातमी थांबते का? सोमवारी शेजारच्या रेडमंड गावातल्या एका काकूंचा फोन. "आमच्या सासऱ्यांची तिथी बुधवारी आहे. तुम्ही ती लेन्स घेऊन येता का? तुमच्या हाताला यश आहे म्हणे." मंगळवारी आणखी दोन फोन. एकाने तर आधीचे नमुने पाठवा म्हणून सांगितलं. मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसून पितरांचं शेड्यूल लावत होतो!

आणि मंगळवारीच संध्याकाळी नीलेश आला. म्हणाला, "ओरिजिनल फाइल दाखव ना यार, मोठ्या स्क्रीनवर."

मी ऐटीत लॅपटॉप उघडला. नीलेशने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "तुझा कावळा शार्प आहे."

"मग! बाराशेवर आहे म्हटलं!"

"पान ब्लर आहे."

"असू दे ना जरा."

"जरा? अरे, खीर कुठली आणि भात कुठला ते कळत नाहीये. कावळा पानावर असता तर दोन्ही शार्प आलं असतं की नाही? आणि त्याच्या पायाखाली बघ. हे शेवाळं आहे. तुमच्या डेकच्या कठड्याला शेवाळं आहे का?"

मी स्क्रीनला नाक लावून बघितलं. शेवाळंच!

आता तुम्हाला समजावून सांगतो, कारण हीच माझी खरी नाचक्की. लांब पल्ल्याच्या लेन्सची एक खोड असते. पुढची वस्तू आणि मागची वस्तू यांच्यातलं अंतर ती खाऊन टाकते. हायवेवर मैलभर पसरलेल्या गाड्या फोटोत एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात ना, ती हीच खोड. आमच्या डेकच्या अलीकडे शेजाऱ्यांची अवजारांची शेड आहे. तिच्या छपरावर शेवाळं साचलंय. इकडचे कावळे ते शेवाळं उचकटून खालचे किडे खातात. तो बेटा शेडवर बसून किडे शोधत होता. पान त्याच्या मागे चांगलं तीस फुटांवर! आणि बाराशे मिलिमीटरने दोघांना आणून एका पंगतीत बसवलं.

आणि कळस ऐका. लेन्सची ही खोड काय असते यावर मी महाराष्ट्र मंडळात स्लाइड्स लावून पाऊण तास लेक्चर दिलं होतं!

"दादाकाकांनी हार कुणाला घातलाय मग?" नीलेश म्हणाला आणि सोफ्यावर आडवा पडून हसायला लागला.

मला हसू येईना. डोळ्यांपुढे सासूबाई. म्हणजे कावळा शिवलाच नाही. म्हणजे मी त्यांना फसवलं. सांगावं, तर ती बाई उरलेले महिने इथे झुरत काढणार. न सांगावं, तर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. रात्रभर तळमळलो. रेडमंडच्या काकूंना मला ताप आलाय म्हणून कळवलं आणि बुधवारी सकाळी, मृणाल ऑफिसला गेल्यावर, मी सासूबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. त्या टेबलाशी मेथी निवडत होत्या.

"आई, एक बोलायचंय. रागावू नका. तो कावळा..." मी एक काडी उचलून परत ठेवली. "तो आपल्या पानाला शिवला नव्हता. तो शेजारच्या शेडवर होता. मला लेन्समधून तसं वाटलं. माझं चुकलं."

सासूबाईंनी एक काडी मोडून बाजूला टाकली.

"माहितीये मला."

"माहितीये?"

"तुम्ही खिडक्या बंद करायला लावल्या होत्या, पण मी वडे तळत होते. वाफ जायला नको? ब्लाइंडची एक पट्टी वर केली होती मी. पान माझ्या डोळ्यांसमोर होतं. तुम्ही फोनवर शिवला शिवला करत होतात आणि इकडे पानावर साधी माशी नव्हती."

मी खुर्ची ओढून बसलो. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? जावई तीन तास उपाशी बसून धावत आला. चेहरा असा फुललेला. म्हटलं, जेवू दे बिचाऱ्याला."

"आणि बाबा? ते आलेच नाहीत?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. आणि हसल्या हो! त्या आल्यापासून असं हसू मी पाहिलं नव्हतं.

"आले ना! तुम्ही ते धूड घेऊन घरात शिरलात, सगळ्यांना फोटो दाखवत बसलात, आणि मी कढईत वडा सोडतेय तर कठड्यावर हजर! आधी वडा उचलला, मग खीर. सगळं पान साफ केलं. माझ्याकडे मान तिरकी करून बघितलं आणि गेले. मग मी जेवले." त्यांनी पदराने डोळे टिपले. "रागावलेले नव्हते ते."

माझे पण डोळे भरले. तेवढ्यात मला भलताच प्रश्न पडला. "पण आई, मग मी बसलो होतो ते तीन तास का नाही आले?"

"तुम्ही बसला होतात म्हणूनच तर नाही आले! अहो, ह्यांना जेवताना कुणी टक लावून बघितलेलं आयुष्यात कधी खपलं नाही. छत्तीस वर्षं संसार केला, मीसुद्धा ताट वाढलं की पाठ फिरवायची. आणि तुम्ही एवढी मोठी काच रोखून समोर!"

त्यांनी मेथी पुन्हा हातात घेतली आणि अगदी मायेने म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मृणालने पान ठेवलं ना, जावईबापू, की तुम्ही तेवढे ऑफिसला जात जा."